पुढच्याला वारा, मागच्याला पदक

२०२४ च्या ऑगस्टमधली रात्र. पॅरिसमध्ये ६ तारखेची संध्याकाळ, आपल्याकडे ७ तारीख लागून वीस मिनिटं झालेली. सकाळी ऑफिसची मीटिंग होती, तरी मी अंधारात फोन उशीला टेकवून पुरुषांच्या १५०० मीटरची ऑलिंपिक फायनल बघत होते. बंदूक वाजली आणि नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसन पहिल्या फेरीतच पुढे गेला. पहिले ४०० मीटर ५५ सेकंदांच्या आत. ही जागतिक विक्रमाची गती. त्याच्यामागे सगळे एका रांगेत, माळेतल्या मण्यांसारखे.

शेवटच्या वळणापर्यंत तोच पुढे होता. तिथे अमेरिकेचा कोल हॉकर आतल्या बाजूने घुसायला गेला. इंगेब्रिग्टसनने ती जागा बंद केली. हॉकर अर्धं पाऊल मागे आला. मग सरळ रस्ता लागला, ब्रिटनचा जॉश कर बाहेरून वर आला, त्याला रोखायला इंगेब्रिग्टसन किंचित बाहेर सरकला आणि आतली जागा पुन्हा उघडली. हॉकर त्या फटीतून गेला. हॉकर पहिला, कर दुसरा, अमेरिकेचाच यारेड नुगूसे तिसरा. दीड हजारांतले जवळजवळ चौदाशे मीटर पुढे धावलेला इंगेब्रिग्टसन चौथा.

मी हसले. नुसती हसले नाही, कॉलेजच्या ग्रुपवर लिहिलंही: ‘उतरला माज.’

माझ्याकडे कारण होतं. आदल्या वर्षी बुडापेस्टच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत करने त्याला हरवलं, तेव्हापासून दोघांची शाब्दिक चकमक चालली होती. २०२४ च्या फेब्रुवारीत करने न्यूयॉर्कमध्ये इनडोअर दोन मैलांचा उच्चांक केला. त्यावर याकोबचं म्हणणं असं की, डोळ्यांवर पट्टी बांधूनही मी त्या शर्यतीत त्याला हरवलं असतं. असं बोलणारा माणूस चौथा येतो तेव्हा बघणाऱ्याला जो आनंद होतो, तो मला झाला. त्यात काही चुकलं असंही वाटलं नाही.

पाच मिनिटांनी एका मैत्रिणीचं उत्तर आलं. ‘उतरला, बरोबर. पण तो पुढे नसता तर हॉकर ३:२७ कशाच्या जोरावर धावला असता?’

मी फोन बाजूला ठेवला. झोप मात्र लागली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आकडे लावून बघितले. हॉकरची वेळ ३:२७.६५, नवा ऑलिंपिक विक्रम. त्याआधीची त्याची सर्वोत्तम वेळ ३:३०.५९. म्हणजे एका रात्रीत जवळजवळ तीन सेकंदांची सुधारणा. त्या वेगाला तीन सेकंद म्हणजे एकवीस मीटर. कर ३:२७.७९, नुगूसे ३:२७.८०. दोघांनीही स्वतःच्या सर्वोत्तम वेळेतून सव्वा सेकंद कमी केला. आणि इंगेब्रिग्टसन ३:२८.२४. त्याआधीचा ऑलिंपिक विक्रम होता ३:२८.३२, टोकियोतला, त्याचाच. म्हणजे तो स्वतःच्या ऑलिंपिक विक्रमापेक्षा वेगात धावला आणि त्याला कांस्यही मिळालं नाही. पहिल्या तिघांना आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत मिळाली. ती शर्यत तयार करणाऱ्याला काहीच नाही.

आपल्याकडे म्हण आहे: पुढच्याला ठेच, मागचा शहाणा. लहानपणापासून ही म्हण आपण मागच्याच्या बाजूने वापरतो. बघा, पुढचा पडला, तुम्ही शिका. पण जो शहाणा झाला तो ठेच लागलेल्याचं काही देणं लागतो का, हे म्हण सांगत नाही. मला त्या दिवसापासून हाच प्रश्न पडलाय.

आधी हे देणं आहे तरी कशाचं, ते पाहू. १५०० मीटर साडेतीन मिनिटांच्या आत धावायचे तर ताशी सुमारे २६ किलोमीटरचा वेग लागतो. वारा पडलेला असला तरी या वेगाला समोरची हवा कापावी लागते, आणि वेग वाढेल तसा हा खर्च फार झपाट्याने वाढतो. ग्रिफिथ प्यू नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते, १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेबरोबर गेलेले. त्यांनी पुढे धावपटूंना कृत्रिम वाऱ्यात ट्रेडमिलवर पळवलं. १९७१ मध्ये त्यांनी मांडलं की मध्यम पल्ल्याच्या वेगाला दुसऱ्याच्या एक मीटर मागे धावलं, तर ऑक्सिजनचा खर्च साडेसहा टक्क्यांच्या आसपास कमी होतो. ज्या खेळात पहिल्या आणि तिसऱ्यात पंधरा शतांश सेकंदाचा फरक असतो, तिथे साडेसहा टक्के म्हणजे खजिना आहे.

दुसरा खर्च मोजता येत नाही. पुढच्याला प्रत्येक फेरीत ठरवावं लागतं: वाढवू, का राखू? मागे कोण आहे, किती दमलाय, त्याला दिसत नाही. मागच्याला फक्त पुढची पाठ बघायची असते. घाटात पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून चालवणं सोपं असतं, आणि पहिली गाडी आपली असेल तर डोळे फाडून बघावं लागतं, तसंच हे.

म्हणजे फायदा खरा आहे. आता फायदा घेणं चूक आहे का? माझं उत्तर सरळ नाही असंच आहे. रेषा आधी ओलांडेल तो जिंकेल हा नियम सगळ्यांना आधीपासून माहीत असतो. मागे राहायची मुभा इंगेब्रिग्टसनलाही होती. हॉकरने कुणाला फसवलं नाही. शिवाय चौदाशे मीटर तो वेग सोसून शेवटच्या शंभरात आणखी वाढवणं, एकदा दार बंद झाल्यावर पुन्हा त्याच दारावर जाणं, हे येरागबाळ्याचं काम नाही. शर्यत संपल्यावर खुद्द इंगेब्रिग्टसनने कबूल केलं की सुरुवातीला आपण जास्तच जोरात गेलो.

पण ‘चूक नाही’ आणि ‘देणं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. शेजाऱ्याच्या दिव्याच्या उजेडात मी पुस्तक वाचलं तर चोरी केली नाही. पण मला उजेड मिळालाच नव्हता, असं म्हणाले तर ते खोटं होईल.

इथे एक जुना आक्षेप आड येतो. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने उपकार या विषयावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचा मुख्य मुद्दा असा की उपकार वस्तूत नसतो, देणाऱ्याच्या हेतूत असतो. या मापाने बघितलं तर इंगेब्रिग्टसनने कुणावर कसला उपकार केला? तो पुढे गेला तो मागच्यांचा दम काढायला. त्यांना विक्रम मिळावा म्हणून त्याने वारा खाल्ला नाही. ते सगळे मागे पडावेत म्हणून खाल्ला. बेत फसला आणि त्या फसलेल्या बेताचा फायदा तिघांना झाला. मग आभार कसले?

मला हा आक्षेप बरेच दिवस बिनतोड वाटत होता. मग मी इंगेब्रिग्टसनचाच मागचा हिशेब काढला, आणि चित्र बदललं.

२०२१ मधली टोकियोची ऑलिंपिक फायनल. तिथे बहुतेक वेळ पुढे होता केनियाचा टिमोथी चेरुयॉट, २०१९ चा विश्वविजेता. इंगेब्रिग्टसनने त्याला त्याआधी एकदाही हरवलं नव्हतं. त्या दिवशी तो चेरुयॉटच्या पाठीला चिकटून राहिला, शेवटी बाहेरून पुढे गेला आणि वयाच्या विसाव्या वर्षी सुवर्ण जिंकला. २०२३, बुडापेस्ट. १५०० मध्ये तो पुढे राहिला आणि करने त्याला गाठलं. चारच दिवसांनी ५००० मीटरची फायनल झाली. तिथे तो मागे राहिला, शेवटच्या सरळ रस्त्यावर स्पेनच्या मोहम्मद कतीरच्या पाठीमागून आला आणि रेषेच्या तोंडावर त्याला मागे टाकून जिंकला. १३:११.३० आणि १३:११.४४. म्हणजे बुधवारी जो सावकार होता तो रविवारी कर्जदार झाला.

हे बघितल्यावर ‘बिचारा पुढे धावणारा’ ही गोष्ट टिकत नाही. ती टिकत नाही हेच बरं. कारण मग लक्षात येतं की हे देणं एका माणसाचं दुसऱ्या माणसाला नाहीच. चेरुयॉटने खाल्लेला वारा इंगेब्रिग्टसनला मिळाला, इंगेब्रिग्टसनने खाल्लेला हॉकरला. परतफेड उलट्या दिशेने होत नाही. ती पुढे पुढे सरकत जाते.

आपल्या परंपरेत यासाठी एक शब्द आहे. माणूस जन्मतःच काही ऋणं घेऊन येतो असं मानतात. त्यातलं एक ऋषिऋण, म्हणजे ज्यांनी ज्ञान मिळवून ठेवलं त्यांचं. हे ऋण ऋषींना परत करायचं नसतं. ते करताही येणार नाही. आपण शिकायचं आणि पुढच्याला शिकवायचं, की ते फिटलं. या ऋणात देणाऱ्याच्या मनात मी होते का, हा प्रश्नच येत नाही. ऋषींनी माझा विचार करून काही लिहिलं नव्हतं. तरी मी त्यांची देणेकरी आहे. सेनेकाच्या आक्षेपाला मला मिळालेलं उत्तर हे आहे: उपकाराला हेतू लागतो, ऋणाला लागत नाही.

लांब पल्ल्याच्या धावण्याच्या इतिहासात या ऋणाची एक साखळी आहे आणि ती अगदी नावानिशी दाखवता येते.

१९५४. ६ मे रोजी ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टरने पहिल्यांदा मैल चार मिनिटांच्या आत धावून दाखवला, ३:५९.४. त्या दिवशी ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे या दोन मित्रांनी आळीपाळीने त्याच्यापुढे धावून वेग लावून दिला होता. दीड महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने फिनलंडमधल्या तुर्कूला तो विक्रम मोडला. ऑगस्टमध्ये दोघे कॅनडातल्या व्हँकुव्हरला समोरासमोर आले. तिथे पेसमेकर नव्हते. लँडी आपल्या स्वभावाप्रमाणे पुढे गेला आणि बराच पुढे गेला. बॅनिस्टर मागून अंतर कमी करत आला. शेवटच्या वळणावर लँडीने डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि त्याच क्षणी बॅनिस्टर उजवीकडून निघून गेला. ३:५८.८ आणि ३:५९.६. एका शर्यतीत दोघे चार मिनिटांच्या आत, असं पहिल्यांदाच घडलं. व्हँकुव्हरमध्ये त्या क्षणाचा ब्राँझचा पुतळा आहे. त्यात लँडी कायमचा मागे बघतोय.

त्याच लँडीची १९५६ ची गोष्ट. मेलबर्नला राष्ट्रीय स्पर्धेतली मैलाची शर्यत. रॉन क्लार्क नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा धावताना पडला. लँडीने त्याच्यावरून उडी मारली, मग थांबला, मागे वळला, पोराला लागलंय का बघितलं. बाकीचे एव्हाना लांब गेले होते. तो पुन्हा धावायला लागला, सगळ्यांना गाठलं आणि जिंकला. दोन वर्षांपूर्वी मागे बघितल्याबद्दल जो पुतळा झाला, तोच माणूस पुन्हा मागे वळला होता.

क्लार्क पुढे मोठा झाला. लँडीसारखाच पुढून धावणारा. १९६० च्या दशकात त्याने विक्रमांमागून विक्रम केले. १९६५ मध्ये ऑस्लोला १०,००० मीटरची वेळ २७:३९.४ वर आणली. त्याआधीचा अधिकृत विक्रम त्याचाच होता, त्यात एका दमात अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त सुधारणा. पण ऑलिंपिक सुवर्ण एकही नाही. १९६४ ला टोकियोत १०,००० मीटरमध्ये तो वेग वाढवून वाढवून एकेकाला गाळत गेला, शेवटी दोघे उरले, आणि त्या दोघांनी त्याला मागे टाकलं. कांस्य. १९६८ ला मेक्सिकोच्या उंचीवर तो शर्यत संपताना कोसळला.

याच काळात तो प्रागला गेला, एमिल झाटोपेकला भेटायला. झाटोपेक म्हणजे १९५२ ला हेलसिंकीत ५०००, १०,००० आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णं जिंकणारा. निघताना झाटोपेकने क्लार्कच्या हातात एक लहानशी पुडी दिली. क्लार्कने ती नंतर उघडली. आत हेलसिंकीतलं १०,००० मीटरचं सुवर्णपदक होतं. मैत्रीखातर दिलेली भेट म्हणून झाटोपेकने ते दिलं नव्हतं. तुझा यावर हक्क आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती झाटोपेकच्या मोठ्या मनाची वाटली. आता वेगळी वाटते. नियमांच्या वहीत ज्या नोंदीला रकाना नाही, ती नोंद एका माणसाने स्वतःच्या पदकावर केली. क्लार्कने त्याला कधी वारा अडवून दिला नव्हता. झाटोपेक निवृत्त झाल्यावर क्लार्क आला. तरी झाटोपेकने ते ऋण मानलं, कारण ते त्याचं एकट्याचं नव्हतंच.

तुम्ही म्हणाल, आता तर यावर तोडगा निघालाय. पेसमेकरला पैसे द्या, हिशेब मिटला. आणि गेल्या काही वर्षांत त्याच्याही पुढची सोय झाली. ट्रॅकच्या आतल्या कडेला दिव्यांची रांग असते. वेग ठरवून दिला की उजेडाची रेघ त्या गतीने पुढे सरकते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅलेन्सियात युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईने अशाच दिव्यांच्या सोबतीने १०,००० मीटरचा विक्रम २६:११.०० वर नेला. २००५ पासूनचा केनेनिसा बेकेलेचा विक्रम सहा सेकंदांहून जास्त फरकाने गेला. २०२५ च्या जूनमध्ये पॅरिसला केनियाची फेथ किप्येगॉन चार मिनिटांच्या आत मैल धावणारी पहिली स्त्री व्हायला निघाली, तेव्हा तिच्या पुढे-मागे वारा अडवायला तेरा जण होते. वेळ आली ४:०६ च्या थोडी वर. ती विक्रम म्हणून धरली गेली नाही, धरली जाणार नव्हतीच. पण माणूस कुठवर जाऊ शकतो हे बघण्याचा तो एक प्रामाणिक प्रयोग होता.

मी या दिव्यांच्या विरोधात नाही. शुद्धतेचे गळे काढणाऱ्यांना बॅनिस्टरचे दोन मित्र आठवावेत. पण दिवा एक गोष्ट करतो: तो प्रश्नच काढून टाकतो. दिव्याचं कुणी देणं लागत नाही. दिवा चौथा येत नाही. ऑलिंपिकमध्ये दिवे नसतात, पेसमेकर नसतात, म्हणून तिथे कुणाला तरी स्वतः दिवा व्हावं लागतं. आणि तो कोण होणार, हे शर्यत सुरू होईपर्यंत माहीत नसतं.

आता माझ्या हसण्याकडे येते. त्यावर काही म्हणायचं टाळून चालणार नाही.

पुढे धावणाऱ्याबद्दल आपण जे बोलतो त्यात एक गंमत आहे. तो जिंकला की ‘काय धाडस, सुरुवातीपासून हुकूमत’. हरला की ‘डोकं वापरलं नाही’. निर्णय तोच असतो. १९७२ ला म्युनिकमध्ये ५००० मीटरच्या फायनलमध्ये एकवीस वर्षांचा स्टीव्ह प्रीफाँटेन शेवटच्या मैलात पुढे गेला. तोही चौथा आला. शेवटच्या काही पावलांत कांस्यसुद्धा गेलं. ती धाव शूर होती की अविचारी, हे आपण त्या काही पावलांवरून ठरवणार का?

तत्त्वज्ञानात याला नैतिक नशीब म्हणतात. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनी या नावाखाली वाद मांडला: माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टींवरून आपण त्याच्या कृतीचा न्याय करतो, आणि तसं करू नये असंही आपल्याला वाटतं. विल्यम्सचं उदाहरण चित्रकार गोगँचं. घरदार सोडून तो चित्रं काढायला गेला. चित्रं थोर निघाली म्हणून आपण त्याच्या जाण्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. फसली असती तर?

हॉकरचंच बघा. पॅरिसमध्ये त्याने अरुंद जागेतून वाट काढली आणि अजरामर झाला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये टोकियोच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत, १५०० च्या उपांत्य फेरीत, तो असाच गर्दीतून वाट काढायला गेला आणि धक्का दिल्याबद्दल बाद झाला. दोन्ही वेळा स्वभाव एकच. एकदा फट उघडली, एकदा नाही. (आठवडाभरात त्याने ५००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, हेही सांगायला हवं.)

माझ्या कामात एक चांगली पद्धत आहे. मध्यरात्री सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्या दिवशी आम्ही बसून लिहून काढतो की काय घडलं. त्यात अट अशी की त्या क्षणी त्या माणसाला जे माहीत होतं तेवढंच धरून त्याच्या निर्णयाकडे बघायचं. नंतर जे कळलं ते त्याच्या डोक्यावर मारायचं नाही. हा नियम मी ऑफिसात निमूट पाळते. रात्री साडेबाराला फोनवर मात्र मी तो एका मिनिटात मोडला.

धावत्या शर्यतीचं समालोचन करणाऱ्याचं काम म्हणूनच मला अवघड वाटतं. वहीत नसलेली नोंद करायची असेल तर ती त्याच्याच आवाजात होऊ शकते. २०२२ ला ओरेगॉनमधल्या युजीनच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत १५०० ची फायनल होती. तेव्हाही पुढे इंगेब्रिग्टसनच होता, आणि शेवटच्या दोनशे मीटरवर ब्रिटनचा जेक वाइटमन त्याला मागे टाकून जिंकला. स्टेडियमच्या माइकवर शर्यत सांगत होते जेफ वाइटमन, जेकचे वडील आणि प्रशिक्षकही. रेषा ओलांडून होईपर्यंत त्यांनी आवाजाची पातळी सोडली नाही. हा आपला मुलगा आहे हे त्यांनी नंतर सांगितलं. ज्याचं सगळ्यात जास्त पणाला लागलं होतं, त्या माणसाने सगळ्या धावपटूंना त्यांचा वाटा दिला. माझं तर काहीच पणाला नव्हतं.

शेवटचा प्रश्न उरतो: पुढे कुणी गेलंच नाही तर? याचं उत्तर २०२५ च्या त्याच टोकियोत मिळालं. इंगेब्रिग्टसन दुखापतीतून सावरत होता, तो प्राथमिक फेरीतच गळला. हॉकर बाद. फायनल संथ झाली. पोर्तुगालचा इसाक नादेर ३:३४.१० मध्ये जिंकला, वाइटमन दोन शतांश मागे. शेवटचे मीटर श्वास रोखून बघावे असे होते, त्यामुळे संथ शर्यत कंटाळवाणी असते असं मी म्हणणार नाही. पण पॅरिसपेक्षा ती साडेसहा सेकंदांनी हळू होती. कोण पहिला, हे तिने सांगितलं. हे सगळे मिळून कुठवर जाऊ शकतात, हे सांगितलं नाही. तो प्रश्न पुढे जाणाराच विचारतो.

हे आपल्या बीडच्या अविनाश साबळेइतकं कुणाला कळत असेल? २०२२ च्या जूनमध्ये तो ३००० मीटर स्टीपलचेस ८:१२.४८ मध्ये धावला होता. पुढच्याच महिन्यात युजीनच्या फायनलमध्ये कुणीच वेग लावला नाही. सुवर्ण गेलं ८:२५.१३ ला. साबळे अकरावा आला, ८:३१.७५. जिंकलेली वेळ त्याच्या आवाक्यातली होती, पण ती शर्यत त्याची नव्हती. तीन आठवड्यांत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो केनियाच्या धावपटूंशी भिडला आणि पाच शतांश सेकंदांनी रौप्यावर राहिला. आणि २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत? तिथे तो सुरुवातीलाच पुढे गेला. मागे कोण आहे, किती जवळ आहे, याची वाट बघितली नाही. बराच वेळ तर कॅमेऱ्याच्या चौकटीत तो एकटाच होता. ८:१९.५०, स्पर्धेचा नवा विक्रम, सुवर्ण.

ती शर्यत मी परवा पुन्हा पाहिली. आता माझी नजर पहिल्या फेरीवर थांबते, जिथे तो बाकीच्यांपासून सुटतो. त्या क्षणी त्याला निकाल माहीत नाही. तो पाचवा आला असता तरी ती पहिली फेरी तीच राहिली असती.

पॅरिसनंतर चार दिवसांनी इंगेब्रिग्टसनने ५००० मीटर जिंकलं, आणि महिना संपायच्या आत पोलंडमध्ये ३००० मीटरचा जागतिक विक्रम केला, ७:१७.५५. डॅनियल कोमेनचा १९९६ पासूनचा विक्रम तीन सेकंदांनी मोडला. ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी आधी ते जुनं वाक्य वर सरकवून शोधलं. ‘उतरला माज.’ खोडता येत नव्हतं, वेळ निघून गेली होती. मग त्याच वाक्याला उत्तर म्हणून लिहिलं: ‘त्या रात्री चौघांची शर्यत त्याने घडवली. हसायला नको होतं.’

मैत्रिणीने अंगठा दाखवला. मग लिहिलं, ‘रविवारी सहाला ये. वारा असेल. पहिली फेरी तू पुढे.’